चांद नाही दिसला

"दिखा क्या, भानु?" खालून साजेदा आपांनी हाक मारली.

भानुमती गच्चीवर उभी होती. सूर्य बुडाला होता, मग़रिबची अज़ान नुकतीच संपली होती. समोर, पाण्याच्या टाकीच्या वर, कापलेल्या नखाएवढी कोर अगदी ढळढळीत दिसत होती.

"नाही जी आपा!" ती कठड्यावरून वाकून ओरडली. "कोहरा पडून राहिला. काहीच दिसत नाही."

खालून आपांचा आवाज आला, "चलो, महीना तीस का सही. आ जा, चाय चढ़ाई है."

भानुमती जिना उतरू लागली. साठी उलटलेली, देवळात नेमानं जाणारी बाई, आणि चक्क चंद्राच्या नावानं थाप मारावी! पण मारली खरी. आणि ही काही पहिली नव्हती.

सईद मियां गेले ते नेमके नवा चांद दिसला त्या संध्याकाळी. तेव्हापासून आपा इद्दतीत बसल्या होत्या. नवरा गेला की बाईनं घरातच राहायचं, चार महिने दहा दिवस. आणि महिने भिंतीवरच्या कॅलेंडरचे नाहीत, चंद्राचे. एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसली की नवा महिना लागला, नाही दिसली तर आणखी एक दिवस थांबा. आपांचे गुडघे गच्चीपर्यंत पोचू देत नव्हते, म्हणून चांद बघायचं काम वर राहणाऱ्या भानुमतीकडे आलं.

"नवेद बोलता है, मोबाईल में देख लो," आपा म्हणायच्या. "मोबाईल का चांद मेरे को नहीं जमता. तू देख के बता."

पहिला चांद तिनं इमानानं सांगितला, धावत खाली येऊन. पण मग आपांचा मुलगा नवेद इंदूरहून आला आणि सांगून गेला, इद्दत संपली की अम्मीला कायमची घेऊन जाणार. खालच्या घराला कुलूप.

म्हणजे गढ़ा मोहल्ल्यातल्या त्या घरात भानुमती एकटी. तिचा योगेंद्र दर रविवारी पुण्याहून फोन करायचा, "सगळं ठीक ना, आई?" म्हणायचा, आणि "ठीक" ऐकलं की ठेवून द्यायचा. इकडे या महिन्यांत सकाळी ती आपांची भाजी आणायची, दुपारी त्यांच्या खाटेवर बसून लसूण सोलायची, उशीर झाला तर "काहून गं, कहां रह गई?" असं आपा अर्ध्या तिच्याच मराठीत रागवायच्या. कुणीतरी आपल्यावर रागावतंय याचंच तिला अप्रूप. आपल्याला हे सुख दुसरीच्या दुःखातून मिळतंय, याची लाजही वाटायची. तरी दुसऱ्या चांदाला तिनं ढग आणले, तिसऱ्याला धूर, आणि आज कोहरा.

आपांनी कप पुढे केला. "बहुत कोहरा है ना बाहर?"

"बहुत," भानुमती म्हणाली. उघड्या खिडकीतून गल्लीच्या टोकाचा दिवा लख्ख दिसत होता. तिनं पटकन नजर कपात घातली.

"चांद भी क्या करे बेचारा," आपा म्हणाल्या आणि तिच्या बशीत आणखी एक टोस्ट ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी चांद सांगावाच लागला. मग उरले दहा दिवस, आणि त्यांत कोहऱ्याचा काही उपयोग नव्हता.

नवेद टॅक्सी घेऊन आला तेव्हा खालच्या खोलीत फक्त गाठोडी होती. भानुमतीला राहवेना. "आपा, माझ्या हातून एक चुकलं हो," तिनं सुरुवात केली.

"पहले चाय पी," आपा म्हणाल्या. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही, आणि मग त्या आत बुरखा घालायला गेल्या.

भानुमती शेवटचं गाठोडं उचलून नवेदच्या मागे टॅक्सीपाशी आली. डोळे पुसत म्हणाली, "दोन दिवस आणखी थांबला असता तर काय बिघडलं असतं, बेटा?"

"तीन दिन तो रुका ही, आंटी," डिकी लावत नवेद म्हणाला. "इद्दत तीन दिन पहले पूरी हो गई थी. टॅक्सी भी बोल दी थी मैंने. अम्मी ने मना कर दिया. बोलीं, अभी मत आ, भानु को चांद नहीं दिखा."