कोपऱ्यासाठी झाड

“अगं, हे वाढणार कधी आणि तू बघणार कधी?” मुलगा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

पण ऐकणारीने ऐकलं होतं. नोकरीची सगळी वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. तिच्या कानावर पडलेलं सहसा वाया जात नसे.

“म्हणजे मी मरायच्या आत याची सावली पडली पाहिजे, असंच ना?”

“आई, तसं नाही गं.”

“मग कसं?”

रोपवाटिकेच्या मधल्या वाटेवर दोघं उभी होती. आईच्या शेजारी पाइनचं रोप होतं. गुडघ्याएवढं, हिरव्या सुयांचं, जरासं एका अंगाला कललेलं. मुलाच्या पायाशी क्रोटन होतं. त्याच्या पानांवर लाल, पिवळा, नारिंगी असे सगळे रंग एकदम आले होते आणि वर ठिपकेही होते.

“बघ कसं उठून दिसतंय,” मुलगा म्हणाला.

“रंगाच्या दुकानात पाय घसरून पडल्यासारखं दिसतंय.”

मुलगा हसला. तो विम्याचा एजंट होता. समोरच्याला ‘हो’ म्हणायला लावणं हे त्याचं रोजचंच काम. पाइनची मुळं कुंपणाच्या भिंतीखाली जातील, तो म्हणाला. सुया गळून पन्हळ तुंबेल. वादळात फांदी पडली तर शेजारी भांडायला येतील. क्रोटनचं काहीच मागणं नसतं. थोडं पाणी घातलं की झालं, आणि रंग पहिल्या दिवसापासून.

“शेजारी तसेही भांडतात,” आई म्हणाली. “आणि पन्हळ मी साफ करते, तू नाही. पाइनमधून वारा गेला की आवाज येतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो ऐकायचाय. तुझ्या क्रोटनमधून वारा गेला काय आणि राहिला काय!”

तिचा आवाज चढला होता. घरातली सगळी झाडं नवऱ्याने निवडली होती, पडदे सुनेने निवडले होते. पुढच्या अंगणातला एक कोपरा रिकामा होता, आणि आज सकाळी मुलाने स्वतःहून फोन केला होता, “चल, तुझ्या आवडीचं झाड घेऊ या.” ती चांगली साडी नेसून निघाली होती. आता तिच्याच आवडीच्या झाडावरून तिला समजावणं चाललं होतं, तेही लहान पोरीला समजवावं तसं.

रोपवाटिका चालवणाऱ्या बाई हातातली पाण्याची नळी बाजूला टाकून आल्या.

“ठरलं का काकू? पाइन छान येईल, ऊन असेल तर. फक्त एकदा लावलं की लावलं. मुळं धरल्यावर जागा बदलली तर जगेलच असं नाही. जमिनीत लावणार का कुंडीत?”

“जमिनीत,” आई म्हणाली.

“कुंडीत,” त्याच क्षणी मुलगा म्हणाला. “म्हणजे, क्रोटन घेतलं तर कुंडीतच बरं. उद्या हलवायचं झालं, तर...”

तो मध्येच थांबला. माणसं कुठे थांबतात, हे ऐकण्यातच आईचा जन्म गेला होता.

“कुठं हलवायचं?”

“घरी जाऊन बोलू ना.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं. या मुलाची वाईट बातमी कधी रिकाम्या हाताने येत नसे. वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं, तेव्हा त्याने तिला रेडिओ आणून दिला होता. वडिलांचं दुखणं बरं होण्यातलं नाही हे सांगायला आला, तेव्हा शाल आणली होती. आज झाड.

“गिऱ्हाईक बघितलंस घराला?”

“अजून काही ठरलेलं नाही. नुसते बघून गेलेत.”

“कधी?” विचारता विचारताच तिला उत्तर सापडलं. “टाकी तपासायला म्हणून तू आणलेलं ते जोडपं?”

मुलाने नजर क्रोटनकडे वळवली.

“त्यांना मी चहा केला रे! ती बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, किती छान खिडकी आहे. मी खुळी खूश झाले. बिस्किटं काढून दिली!”

पलीकडे गुलाब निवडणारी माणसं वळून बघू लागली. मुलाने आवाज खाली आणला.

“आई, एकटीनं एवढं घर कसं सांभाळशील? आमच्याकडे तुझी खोली तयार आहे. बाल्कनी आहे. तुझं झाड तिथं बरोबर मावेल, म्हणून तर क्रोटन म्हणत होतो. घर तुझ्याच नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय काही होत नाही. तुला न विचारता मी काही करणार होतो का?”

“घर दाखवून झालं, खोली लावून झाली, झाडसुद्धा ठरलं. आता विचारतोस!” ती म्हणाली. “मघाशी माझ्या मरणाचं बोललास, तेव्हा मला वाटलं, पोराला माझी काळजी आहे, फक्त बोलता येत नाही. ते मी सोडून दिलं होतं.”

मुलाने तिच्या दंडाला हात लावला. तिने तो बाजूला केला आणि ती बाईंकडे वळली.

“पाइन माझ्या घरी पाठवा, जमिनीत लावायचंय. आणि ते क्रोटन याला द्या, कुंडीसकट. बाल्कनीत माझी म्हणून ठेवलेली जागा रिकामी राहायला नको.”