कालची वाट

“बाबा, ड्रोन आपोआप उडतो, आखलेल्या वाटेने फिरतो, मग तू शेजारी कशाला उभा राहतोस?” विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलंच. डबल ड्यूटीवरून आलेले बाबा बुटांसकट पायरीवर बसले होते. “त्याला जायचं कळतं, थांबायचं नाही,” ते पुटपुटले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या क्रीडादिनाचं शूटिंग मी त्यानेच करणार होते. मी ऐटीत बटण दाबलं. वाट कालचीच होती, गच्चीवरून उडवताना आखलेली. आज तो अंगणातून उडाला आणि इमारतीवरून जायचं सोडून दुसऱ्या मजल्यावर चादर वाळत घालणाऱ्या आईकडेच निघाला. “थांबव,” बाबा ओरडले. मी थांबवला तेव्हा पाती चादरीपासून वीतभर लांब होती. “उंची तो निघतो तिथून मोजतो, बाईसाहेब,” बाबा मला म्हणाले. “मला न्यायला आलाय का?” आईने वरून विचारलं. “नेऊ दे, झोप तरी मिळेल,” बाबा म्हणाले. “आई, बाबा, उद्या क्रीडादिनाच्या शूटिंगला पोरांच्या डोक्यावरून हा उडणार नाही. सरांना मीच सांगते.”