नाव कोण घेतं?

पांडेसऱ्याच्या मैदानावर फुटबॉलची मॅच ऐन रंगात होती आणि इकडे दोघांची जुंपली होती.

"भटूदादासारखा खेळाडू आपल्या क्लबात दुसरा झाला नाही. पण कदर झाली नाही त्याची. खरं ना, वहिनी?" गोपाळ म्हणाला.

"एवढा मोठा होता, तर आज त्याचं नाव कोण घेतं?" कुंदन हसला.

भटूदादाच्या बायकोनं, सरलाबाईंनी नजर मैदानावरच ठेवली. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या टीमचा गुजराती कोच ओरडला, "अरे, भटू मार ने!"

कुंदन चमकला. "कोण भटू?"

"कोण म्हणजे?" कोच म्हणाला. "टाचेनं मागे मारतात ती किक! आम्ही तिला भटूच बोलतो."

इतक्यात बॉल सरलाबाईंच्या मैदानात खेळणाऱ्या नातीच्या, चंचलच्या पायाशी आला. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"मार वं चंचल, भटू मार!"