तपासणीपुरत्या मॅडम

व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर मेधाविनीने आपल्या नोंदणी प्रमाणपत्राची फ्रेम लटकवली आणि रुमालाने खुर्ची झटकून बसली. केंद्राच्या परवान्यावर मानसतज्ज्ञ म्हणून तिचं नाव होतं. ती उगवायची मात्र सरकारी तपासणीलाच. केंद्राचा मालक पूर्वी लग्नाचे मांडव घालायचा. असल्या अडाण्यांना परवाने वाटणाऱ्या सरकारची तिला किळस यायची.

तपासणी अधिकाऱ्याने पोह्यांची बशी चाटूनपुसून रिकामी केली आणि एका पेशंटला विचारलं, "मॅडम रोज येतात ना?"

पेशंटने आधी मालकाकडे पाहिलं. "येतात की." मग तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, जरा बोलायचं होतं. रात्री भिंतीतनं आवाज येतात."

"पुढच्या वेळी बोलू," ती घड्याळ बघत म्हणाली.

अधिकाऱ्याने सही ठोकली. "शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रातही तुम्हीच ना, मॅडम?"

तिने मान खाली घालून रुमाल पर्समध्ये कोंबला.

"मग चला आमच्याच गाडीतून. आणि फ्रेम घ्या, तिकडच्या भिंतीलाही लागेल."

पेशंटनेच फ्रेम उतरवली, शर्टाने काच पुसली आणि तिच्या हातात ठेवली.

"या ताई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी."