अप्पांचा होकार

देवणी गाईंवर पीएच.डी. केलेल्या रुद्राणीला नेदरलँड्समधल्या विद्यापीठाची फेलोशिप मिळाली. आठवडाभर तिनं घरात कुणालाच सांगितलं नाही. होकार कळवायची मुदत संपत आली, तेव्हा ती उदगीरच्या आडत दुकानात वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. तिला लातूरला हॉस्टेलवर ठेवायचं म्हटल्यावरही अप्पांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

"दोन वर्षं परदेशात राहावं लागतंय, अप्पा. एकटीला."

अप्पांनी हातातली मूठभर तूर पोत्यात सोडली.

"जा, बाई," ते म्हणाले. "मला लई भ्याव वाटायलंय, पर तू जा. पाव्हण्यारावळ्यांला काय सांगायचं ते मी बघतो."

रुद्राणी घाईनं एक पाऊल पुढं आली.

"अप्पा, तिथं आपलं कुणीच न्हाई. नीट विचार करा की एकदा."

"केला विचार. आता माघारी फिरायचं न्हाई."

ती दुकानाच्या पायरीवरच मटकन बसली. अप्पा पाठवणारच नाहीत, या भरवशावर तर तिनं अर्ज केला होता.