आईच्या नावाची रिकामी जागा

"तुमी माह्या आईचं नावच नाई लिवलं," मुलगी दारातूनच म्हणाली.

सत्यभामाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. भर दुपारची वेळ. पलीकडच्या पितळी भांड्यांच्या दुकानातली ठोकठोकही थांबली होती. दारात एकोणीस-वीस वर्षांची पोरगी उभी, पाठीला बॅग, हातात कॉलेजचा फॉर्म.

"कोण वं तू?"

"वैना."

बाईंना हसूच आलं. वैना म्हणजे त्यांच्याच कादंबरीची नायिका, तलावाच्या तळाशी वाढलेली, पाण्याला हुकूम सोडणारी पोर. पहिला भाग असा खपला की वाचक बाईंच्या शाळेपर्यंत पिच्छा पुरवायचे. दुसऱ्या भागात वैना आपलं कूळ शोधायला निघणार होती, आणि बाई दोन महिने पहिल्याच पानावर अडून बसल्या होत्या. मग अशी एखादी वेडी वाचक दारात यायचीच!

"ये, बस. चहा घेशील?"

पोरगी आत आली. चपला कोरड्या ठणठणीत, पण ती चालली तिथं तिथं फरशी ओली झाली. बाईंनी मुकाट्यानं पोछा फिरवला.

"साकोलीच्या कॉलेजातून आली बसनं," वैना म्हणाली. "आता फॉर्मवर आईचं नाव लागते. आईच्या नावाबिगर फॉर्मच घेऊन नाई राहिले."

"मंग घरी विचार न, बापा."

"घर तरी कुठं लिवलं तुमी?" तिनं बॅगेतून कादंबरी काढली, बोट ठेवून वाचलं, "'ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली.' बस. नाव नाई, गाव नाई. दोनशे पानं मले पाण्याखाली ठेवलं."

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मस्करी पुरे, असं बाई म्हणणार होत्या. तेवढ्यात पोरीनं केस मागे सारले. डाव्या कानामागं तीळ होता. तो तीळ बाईंनी पुस्तकात कुठंच लिहिला नव्हता, नुसता मनात ठेवला होता. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला.

"कोणाचंबी नाव चालते मले," वैना म्हणाली. "पण तुमी लिवलं का ते खरं होते. मंग खोडता येत नाई. पाहून लिवा."

बाई वही उघडून बसल्या. नावं काय, पैशाला पासरी सुचली असती. पण सुचलं ते भलतंच. लेकरासाठी केलेले वीस वर्षांचे उपासतापास, नागपूरचे डॉक्टर. परवाच शेजारच्या गिरजाबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, तेव्हा ओटी भरायला साऱ्या गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या, बाईंना तेवढं वगळलं. घरी येऊन त्या उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या.

"माहं लिवलं तं?"

वैनानं पुस्तकातल्या त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

"दुसऱ्या कोणाचं लिवा न, मॅडम. तुमचंच कायले?"

"मले अजून कोणी आई म्हटलं नाई, पोरी." बाईंनी पेन उचललं. "एकदा म्हण. मंग काहीबी होवो."

"होवो?"

"हो म्हटलं न!"

आणि दोन महिने कोऱ्या पडलेल्या पानावर त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'वैनाच्या आईचं नाव सत्यभामा.'

वैनानं वाकून वाचलं. तिचे डोळे भरले.

"आई," ती म्हणाली.

बाईंनी वही तशीच टाकली. पायात चपला न घालताच त्या दाराबाहेर धावल्या. समोरच्या ओट्यावर गिरजाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"गिरजाबाई, अवं पाहा तं, माही लेक आली, माही लेक!"

गिरजाबाईंनी मान वर केली नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. तांदूळ निवडणं चालूच होतं. मागून वैना दाराला कडी घालून गल्लीत आली, तेव्हा कुठं गिरजाबाईंनी डोळे उचलले.

"काहून वं वैना, भरला का फॉर्म?"

"भरला, मावशी. आईचं नाव लागत होतं."

गिरजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदरानं डोळे टिपले.

"लई गुणाची होती वं तुही आई. पहिल्याच बाळंतपणात गेली बिचारी. जवा पाहा तवा वाचत बसे. जगली असती न, तं पुस्तकं लिवली असती तिनं."