पावणेसहा फुटांवरची फळी

अ‍ॅडमिशनच्या दिवसांत धामणस्कर सर कॉलेज ऑफिसच्या दारात, पावणेसहा फुटांवर, एक आडवी फळी ठोकत. जिचं डोकं आपटेल, तिला चहा पाजून बास्केटबॉलच्या टीममध्ये ओढायचं. एके काळी विद्यापीठाच्या ढाली आल्या त्या या फळीच्याच कृपेने. अलीकडे मात्र सगळ्याजणी तिच्याखालून सरळ निघून जात. टीममध्ये चौघीच उरल्या होत्या, आणि यंदा पाचवी मिळाली नाही तर कोर्टाचं पार्किंग करू, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

शेवटच्या दिवशी एक बुटकी मुलगी आरामात आत शिरली. सरांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात मागे खाडकन आवाज झाला. मुलीसोबत आलेली तिची नवी वहिनी कपाळ चोळत उभी होती.

सर चहाची कपबशी घेऊनच धावले. "ताई, बारावी झालीय का?"

"झालीय. लगेच लग्नही झालं."

सरांनी प्रवेशाचा फॉर्म पुढे केला. वहिनीने तो घेतला, आणि मग चपापून नणंदेकडे पाहिलं. "घरी काय सांगायचं?"

"सांगू की," नणंद म्हणाली, "डोक्याला मार बसलाय, तेव्हापासून नुसती कॉलेज कॉलेज करतेय."